थोरले देऊळ आणि त्याचे थर

कावेरीच्या खोऱ्यातून तंजावरकडे येणाऱ्या प्रवाशाला शहर दिसण्यापूर्वी देवळाचे विमान दिसू लागते. सभोवार सपाट भातशेती, मधून कालवे, नारळीची झाडे आणि या सपाटीवर एकदम उभा राहिलेला सुमारे ६० मीटर उंचीचा दगडी मनोरा. तामीळ भाषेत या देवळाला ‘पेरिय कोविल’, म्हणजे थोरले देऊळ, असे म्हणतात. ‘बृहदीश्वर’ हे संस्कृत नाव पुष्कळ उशिरा रूढ झाले. ज्या राजाने ते बांधले त्याने त्याला आपलेच नाव दिले होते : राजराजेश्वर.

या दृश्यात एक विसंगती आहे आणि इमारतीचा इतिहास समजून घेण्यास तिच्यापासूनच प्रारंभ करणे सोयीचे होईल. तंजावरच्या आसपासचा प्रदेश नदीच्या गाळाचा आहे. विहीर खणली तरी बांधकामास योग्य असा काळा दगड लागत नाही. देऊळ मात्र पायापासून शिखरापर्यंत ग्रॅनाइटचे आहे. याचा अर्थ असा की, या इमारतीतील प्रत्येक चिरा कित्येक कोस दूर असलेल्या तिरुचिरापल्ली व पुदुक्कोट्टै भागांतील टेकड्यांतून फोडून, ओढून येथे आणावा लागला. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या वाचकास हा फरक चटकन जाणवेल. तेथे डोंगर आधीच उभा होता व कारागिरांनी नको तेवढा भाग वरून खाली काढून टाकला. तंजावरला डोंगर नव्हता. तो आणून रचावा लागला. शिलालेखांत या देवाला ‘दक्षिणमेरू’शी जोडलेले नाव आढळते, ते उगीच नव्हे.

चोळ राजा पहिला राजराज इ. स. ९८५ मध्ये गादीवर आला आणि १०१४ पर्यंत त्याने राज्य केले. आपल्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, त्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी, त्याने विमानावर बसविण्यासाठी तांब्याचा कळस दिला, अशी नोंद देवळावरच कोरलेली आहे. हे साल १०१० होय. कामास प्रारंभ त्यापूर्वी सहासात वर्षे झाला असावा असे सामान्यतः मानले जाते. मुख्य स्थपतीचे नावही शिलालेखात आले आहे : कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. भारतातील थोर इमारती उभ्या करणाऱ्या कारागिरांची नावे बहुधा काळाच्या उदरात गडप झालेली असतात. येथे ते नाव राहिले, एवढेच नव्हे तर त्यातील ‘राजराज’ हा शब्द पाहता राजाने आपले नाव त्याला सन्मान म्हणून दिले असावे.

आराखडा अत्यंत स्पष्ट आहे. सुमारे २४० मीटर लांब व १२० मीटर रुंद असे आवार, म्हणजे एकमेकांस जोडलेले दोन चौरस. पूर्वेकडून शिरताना एकामागून एक दोन गोपुरे लागतात. बाहेरच्याचे नाव केरळांतकन, आतल्याचे राजराजन. पश्चिमेकडील चौरसाच्या मध्यावर गर्भगृह व त्यावरचे विमान उभे आहे. भोवती प्राकाराला लागून ओवऱ्या आहेत. राजराजाच्या आज्ञेवरून त्याचा सेनापती कृष्णन् रामन् याने त्या बांधल्या. येथे गोपुरे विमानापेक्षा पुष्कळ ठेंगणी आहेत. नंतरच्या काळात दक्षिणेत याच्या उलट घडले. मदुराईला गेलेल्या यात्रेकरूला आकाशात चढलेली गोपुरे दिसतात आणि मूळ गर्भगृह त्यांच्यामागे लपून जाते. तंजावरला अजून देवाचे घर हेच सर्वांत उंच आहे.

एवढा भार या उंचीवर कसा पेलला गेला, हा प्रश्न साहजिक आहे. गर्भगृहाभोवती एक नव्हे, दोन जाड भिंती आहेत. त्यांच्यामधून प्रदक्षिणापथ जातो, आणि तोही दोन मजली. वर गेल्यावर या दोन्ही भिंतींचे थर थोडेथोडे आत सरकवीत एकमेकांस मिळविले आहेत. त्यामुळे त्यांचे मिळून एकच रुंद बैठकीचे जोते तयार होते आणि त्यावर तेरा तलांचा निमुळता मनोरा चढत जातो. तो आतून पोकळ आहे. प्रत्येक थराचे दगड खालच्या थरापेक्षा किंचित आत बसविल्याने भार आतल्या बाजूस झुकतो, व चारही बाजूंचा तोल एकमेकांना धरून राहतो. चुन्यावर विसंबून न राहता दगडाचे वजन व सांध्यांची अचूकता यांवरच सर्व भिस्त ठेवली आहे. कमान बांधण्याची कला येथील स्थपतींनी वापरली नाही. त्यांना तिची गरजही भासली नाही.

या विमानाविषयी दोन समजुती इतक्या रूढ आहेत की त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. पहिली अशी की, विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. कोणत्याही दिवशी सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी आवारात उभे राहणाऱ्यास या समजुतीचा निकाल स्वतःच लावता येतो. दुसरी समजूत अधिक मनोरंजक आहे. शिखराचा घुमट हा ऐंशी टन वजनाचा एकच अखंड दगड असून, कित्येक मैल लांबीचा मातीचा उतार रचून तो वर चढविला, असे सांगतात. प्रत्यक्षात घुमट अनेक दगडांच्या जोडकामाने घडविलेला आहे. मातीचा उतार किंवा लाकडी परांच्या वापरल्याच नसतील असे नव्हे. काही साधन वापरल्याखेरीज काम होणे शक्यच नव्हते. तथापि अखंड दगडाच्या कथेपेक्षा खरी हकीकतच कारागिराला अधिक शोभते. जे तुकडे वर नेता येतील तेवढेच घेऊन ते अखंड भासतील असे सांधणे, हे शक्तीचे नव्हे तर बुद्धीचे काम आहे.

एवढी प्रचंड इमारत कोणाची, हेच कित्येक शतके लोक विसरून गेले होते. स्थलपुराणात तिचे श्रेय करिकाल चोळ या प्राचीन राजाला देण्यात आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्ट्श या जर्मन विद्वानाने जोत्यावरील व भिंतींवरील लेख वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा राजराजाचे नाव निर्विवादपणे पुढे आले. वास्तविक ते नाव तेथे उघड्यावर, हाताला लागेल एवढ्या उंचीवर, आठ शतकांहून अधिक काळ कोरलेलेच होते. मात्र जुन्या तामीळ लिपीतील ती अक्षरे वाचणारा उरला नव्हता.

हे लेख म्हणजे देवळाची दप्तरे होत. आपण दिलेले, आपल्या थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सर्व दान विमानाच्या दगडावर कोरून ठेवावे, अशी राजाची आज्ञाच तेथे नमूद आहे. बहीण म्हणजे कुंदवै. सोने व दागिने ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाने तोलून घेतले, असे लेखांत वारंवार सांगितले आहे. ‘आडवल्लान’ म्हणजे नृत्यात निपुण असणारा, अर्थात नटराज. नंदादीप अखंड तेवावा म्हणून एकेका दिव्यापाठी ९६ मेंढ्या धनगरांच्या स्वाधीन केल्या व त्यांच्याकडून रोजचे तूप ठरवून घेतले. देवाचे रोख द्रव्य गावसभांना साडेबारा टक्के व्याजाने दिले. सेवेसाठी राज्यभरच्या देवळांतून ४०० नर्तकी आणून वसविल्या, प्रत्येकीला घर व वर्षाला शंभर कलम भात नेमून दिले. तेवारम् स्तोत्रे गाणाऱ्यांची व त्यांना साथ करणाऱ्यांची मिळून संख्या ५० होती. धान्य पुरविण्यासाठी नेमलेल्या गावांत सिंहलद्वीपातील गावेही होती. सोन्यापैकी काही भाग चेर व पांड्य राजांचा पराभव करून आणलेला होता, हेही लेख लपवीत नाहीत. देऊळ हे भक्तीचे स्थान होते, तसेच ते एका विजयी राज्याचे कोठार, पेढी आणि जाहीरनामाही होते. या गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची त्या काळाला सवय नव्हती.

राजराजाचे काम एका आराखड्यावर, एका राजाच्या हयातीत झाले. पुढे त्याचा पुत्र राजेंद्र याने राजधानीच गंगैकोंडचोळपुरम् येथे हलविली व तेथे वडिलांच्या देवळासारखेच, पण किंचित कमी उंचीचे, दुसरे देऊळ बांधले. तंजावरचे राजकीय महत्त्व ओसरले. इमारत मात्र पूजेत राहिली. आणि जी इमारत वापरात राहते ती जशीच्या तशी राहत नाही.

याबाबतीत युरोपातील एक उदाहरण बोधप्रद आहे. इंग्लंडच्या गावोगावी जी मध्ययुगीन चर्चे आहेत, त्यांपैकी क्वचितच एखादे एका काळाचे असते. बाराव्या शतकातील जाड भिंतीचे सभागृह, पुढे वस्ती वाढली म्हणून भिंत फोडून काढलेली बाजूची दालने, लोकरीच्या व्यापारातून पैसा आला म्हणून चढविलेला मनोरा, धर्मसुधारणेच्या काळात भित्तिचित्रांवर फासलेला चुना : असे थरावर थर तेथे सापडतात. एकोणिसाव्या शतकात या चर्चांचा ‘जीर्णोद्धार’ करताना वास्तुकारांनी नंतरचे थर खरवडून मूळ रूप बाहेर काढण्याचा सपाटा लावला. त्याला विरोध करण्यासाठी विल्यम मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. नंतरचे थर हेही इतिहासच होत, असे त्यांचे म्हणणे होते. तंजावरचे देऊळ एकाच राजाने पूर्ण केले असले तरी त्याचे आवार अशाच रीतीने भरत गेले, आणि मॉरिसने उपस्थित केलेला प्रश्न विसाव्या शतकात येथेही उभा राहिला. त्याकडे पुढे वळता येईल.

देवीचे, म्हणजे बृहन्नायकीचे, स्वतंत्र मंदिर मूळ आराखड्यात नव्हते. ते तेराव्या शतकात, पांड्यांच्या काळात, उत्तरेच्या बाजूस उभे राहिले. सोळाव्या शतकात तंजावर नायक राजांकडे आले. त्यांनी देवळाभोवती तट व खंदक करून शिवगंगा नावाचा धाकटा किल्ला बनविला. विमानासमोरचा अखंड दगडातील महानंदी आणि त्यावरील मंडप हेही नायकांचेच काम होय. वायव्येकडील सुब्रह्मण्याचे मंदिर त्याच काळातील असून त्याचे कोरीवकाम इतके नाजूक आहे की त्यापुढे राजराजाची शिल्पे काहीशी रांगडी वाटतात. कोणाला काय आवडावे हा रुचीचा भाग आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या या दोन इमारतींत पाचसहाशे वर्षांचे अंतर आहे हे पाहणाऱ्याने विसरू नये. विमानाच्या उत्तर बाजूला टोपी घातलेल्या एका युरोपियन माणसाची आकृती आहे. तिच्यावरून चोळांना इंग्रजी राज्याची आधीच चाहूल लागली होती अशी दंतकथा निर्माण झाली. १६२० मध्ये रघुनाथ नायकाशी तह करून डॅनिश लोक तरंगंबाडीस स्थायिक झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे चमत्काराची गरज उरत नाही. ती आकृती बहुधा नंतरच्या कोणत्या तरी दुरुस्तीच्या वेळी बसविलेली असावी.

यानंतर मराठे आले. शहाजीराजांचे पुत्र व शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या वंशाने तेथे १८५५ पर्यंत गादी राखली. तमिळ प्रजा, नायकांच्या दरबारची तेलुगू परंपरा आणि स्वतःची मराठी, अशा तीन भाषांत या राजांचा वावर होता. देवळाशी त्यांचे नाते मालकीचे व सेवेचे, दोन्ही प्रकारचे होते. आवारात शिरताना सर्वांत बाहेरचे जे प्रवेशद्वार लागते ते मराठा दरवाजा म्हणूनच ओळखले जाते.

या संबंधात सर्वांत लक्षणीय काळ सरफोजीराजे दुसरे यांचा होय. तुळजाजींनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. पण गादी त्यांना तत्काळ मिळाली नाही. अमरसिंहांशी वाद होऊन अखेर १७९८ मध्ये ते गादीवर बसले, आणि पुढल्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा सर्व कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला राहिला. खर्चासाठी वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. ज्याच्या राज्याची हद्द किल्ल्याच्या तटापाशी संपते, अशा राजाने काय करावे? सरफोजींनी ग्रंथ जमविले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, आणि थोरल्या देवळाची डागडुजी हाती घेतली. गणपतीचे मंदिर नव्याने बांधण्यात आले. इतर देवालये, प्राकार व फरशी यांची दुरुस्ती झाली.

याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. शके १७२५, म्हणजे इ. स. १८०३ मध्ये, आवाराच्या नैर्ऋत्य भागातील ओवरीच्या भिंतीवर भोसले कुळाचा संपूर्ण इतिहास देवनागरी अक्षरांत, मराठी भाषेत कोरविला. ‘भोसलेवंशचरित्र’ या नावाने हा लेख ओळखला जातो. तो राजांच्या आज्ञेने बाबूराव या चिटणिसाने सिद्ध केला. दगडावर कोरलेल्या जगातील सर्वांत मोठ्या लेखांत त्याची गणना होते. मूळ पुरुषापासून मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी असे करीत कथन थेट सरफोजींपर्यंत येते.

इतिहासाचे साधन म्हणून हा लेख जपून वापरावा लागतो. त्यातील शहाजी-शिवाजींच्या काळाच्या हकीकती त्या काळानंतर सव्वाशे ते दीडशे वर्षांनी लिहिल्या गेल्या आहेत, आणि एका शाखेचे मोठेपण सांगणे हा त्यांचा उघड हेतू आहे. परंतु तो का कोरला गेला, याचा विचार केल्यास त्याचे मोल वेगळ्याच दृष्टीने ध्यानात येते. राजराजाने जोत्यावर दाने कोरविली तेव्हा त्याचे राज्य चढतीवर होते. सरफोजींनी भिंत अक्षरांनी भरविली तेव्हा कागदोपत्री राज्य संपले होते. कागद कंपनीच्या हाती गेले होते; दगड मात्र अजून राजांच्या हाती होता. शिवाय जागाही विचारपूर्वक निवडलेली दिसते. राजवाड्यात कोरलेला लेख राजवाड्याबरोबर गेला असता. देवळात पूजा चालू राहणार, भिंतींची निगा राहणार, हे गणित बरोबर ठरले. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारले व गादी खालसा झाली. लेख जागेवर राहिला. देवळाच्या विश्वस्तपदाचा वंशपरंपरागत मानही भोसले घराण्याकडेच राहिला.

शिवगंगा किल्ल्यातच, देवळापासून थोड्या अंतरावर, १७७९ मध्ये बांधलेले एक लहान चर्च आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या नावाने ते ओळखले जाते. बालपणी सरफोजींचा सांभाळ करण्यात श्वार्ट्झचा मोठा वाटा होता. १७९८ मध्ये तो वारल्यावर राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील मिशनऱ्याचा हात धरलेले सरफोजी त्यात दाखविले आहेत. देवळात वंशचरित्र कोरविणारा आणि चर्चमध्ये गुरूचे स्मारक बसविणारा राजा एकच आहे. दोन्ही वास्तू एकाच तटाच्या आत उभ्या आहेत.

आता चित्रांच्या थरांकडे वळता येईल. गर्भगृहाभोवतालच्या अंधाऱ्या प्रदक्षिणापथात नायक काळातील चित्रे होती. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना एके ठिकाणी पोपडा सुटलेला आढळला आणि त्याखाली वेगळी रेषा, वेगळा रंग दिसला. ती राजराजाच्या काळची मूळ चित्रे होती. रथावर आरूढ झालेला त्रिपुरांतक शिव, हत्तीवरून व घोड्यावरून कैलासाकडे निघालेले सुंदरर आणि चेरमान, नटराजाच्या पूजेस आलेला राजपरिवार अशी ती दृश्ये आहेत. चोळकालीन चित्रकलेचा एवढा मोठा साठा अन्यत्र कोठेही नाही. तो पाहावयाचा तर वरचा थर काढणे भाग होते, आणि वरचा थर म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचे दुसऱ्या एका राजवटीचे अस्सल काम होते. इंग्लंडमध्ये खरवडून टाकलेले पुन्हा मिळाले नाही. तंजावरला प्रथम काही भागांत वरची चित्रे गेलीच. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेने वरचा थर अखंड उतरवून काचतंतूंच्या फलकावर चढविण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे चोळ चित्रे भिंतीवर उघडी झाली आणि नायक चित्रे फलकांवर वाचली. तोडगा चांगला असला तरी पूर्णतः निर्दोष नव्हे; कारण भिंतीसाठी काढलेले चित्र भिंतीपासून सुटले की त्याचा एक अर्थ हरपतोच.

१९८७ मध्ये या देवळाचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. पुरातत्त्व खाते, राज्याचे धर्मादाय खाते आणि राजवाड्याचे देवस्थान अशा तिघांचा संबंध आल्याने प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी ही वास्तू स्मारक की चालते देवस्थान, हा वाद थोडाफार डोके वर काढतो. १९९७ च्या जूनमध्ये कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञमंडपाला आग लागून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरचा कुंभाभिषेक २३ वर्षांनी, ५ फेब्रुवारी २०२० रोजी, झाला. मंत्र संस्कृतात म्हणावेत की तामिळमध्ये, हा तंटा तेव्हा न्यायालयापर्यंत गेला आणि दोन्ही भाषांत विधी करण्याचा निर्णय झाला. राजराजाने तेवारम् गाणाऱ्यांना नेमणुका दिल्याचे लेख त्याच आवारातील दगडांवर होते.

प्रदक्षिणापथाच्या वरच्या मजल्यावर, चित्रांच्या डोक्यावर, शिवाने करून दाखविलेल्या १०८ नृत्यकरणांची शिल्पमालिका योजलेली होती. तिच्यातील ८१ करणे कोरून झाली. उरलेल्या २७ शिळा आकार देऊन, घासून, जागेवर बसविलेल्या आहेत. त्यांवर छिन्नी चालली नाही.